पहिला बोर्ड कोणता घ्यावा: ऊनो, ईएसपी३२ की पिको?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापूरला अकाउंट्समध्ये नोकरी करता, इलेक्ट्रॉनिक्स कधी शिकलेला नाहीत, ऑफिसच्या एक्सेल फाइली जुळवायला म्हणून थोडं पायथन शिकलात, मुलगी सातवीत आहे आणि तिलाही यात रस आहे, आणि दोघांना मिळून गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते मोबाईलवर दिसेल असं काहीतरी करायचंय. बजेट दोन हजार. आर्डुइनो ऊनो घेऊ, ईएसपी३२ घेऊ की रास्पबेरी पाय पिको (तिन्ही मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम भरून सेन्सर-दिवे चालवायची छोटी पाटी), कारण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

सरळ उत्तर असं की पिको डब्ल्यू, म्हणजे वायफायवाला पिको, घ्या, त्यातही पिना आधीच सोल्डर केलेला प्रकार, त्याच्या नावात शेवटी एच असतो. त्यावर मायक्रोपायथन टाका, म्हणजे अशा छोट्या बोर्डांवर चालणारं पायथन. ऊनो वाईट नाही, आणि ईएसपी३२ तर मी स्वतः सगळ्यात जास्त वापरतो, पण तुमच्या हातात पहिला बोर्ड म्हणून पिकोच का यावा ते नीट सांगतो, नुसतं "हा घ्या" म्हणून उपयोग नाही, उद्या दुकानात तो नसला तर दुकानदार दुसराच पुढे करेल आणि तुम्ही परत तिथेच याल.

मी १९९७ साली डिप्लोमाला होतो तेव्हा आमच्याकडे ८०३१ चं किट होतं (८०५१ च्या कुळातला जुना मायक्रोकंट्रोलर) आणि प्रोग्रॅम ठेवायला बाहेर २७६४ ईप्रॉम, ती काचेची छोटी खिडकी असलेली चिप. प्रोग्रॅममध्ये एक आकडा जरी चुकला तरी चिप सॉकेटमधून उपसायची, अल्ट्राव्हायोलेट दिव्याच्या डब्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, पुसली गेली की नाही ते बघायचं, मग परत प्रोग्रॅमरमध्ये, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरायच्या यंत्रात, घालून भरायची. एका दुपारी चार-पाच चुका करायला मिळायच्या, त्यापेक्षा जास्त नाही. वर्गातली हुशार मुलंसुद्धा काही बदलून बघायला घाबरायची कारण बदलून बघणं महाग होतं. तेव्हापासून आजपर्यंत याच कामात आहे आणि शनिवारी मुलांना शिकवतो, त्यामुळे नवख्या माणसासाठी बोर्ड बघताना मी मेगाहर्ट्झ बघत नाही, चूक केल्यापासून ती चूक कळेपर्यंत किती वेळ जातो ते बघतो. ज्या बोर्डावर हा वेळ सगळ्यात कमी तो पहिला बोर्ड.

आता पिकोवर काय होतं बघा. कॉम्प्युटरवर थॉनी नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकायचं (एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालंय, खास शिकणाऱ्यांसाठी, आणि ते वापरताना जाणवतं). त्यात खालच्या भागात तुम्ही एक ओळ टाइप करून एंटर मारली की ती तिथल्या तिथे बोर्डावर घडते, कंपाइल नाही, अपलोड नाही, वाट बघणं नाही. एलईडी लाव म्हटलं की लागतो. स्पेलिंग चुकलं तर त्याच क्षणी लाल अक्षरात येतं की अमुक ओळीत हे नाव ओळखीचं नाही. सेन्सर जोडलाय, आत्ता काय आकडा देतोय, समोर हात धरला तर बदलतोय का, वायर हलवली तर जातोय का, हे सगळं बोर्डाशी बोलल्यासारखं एकेक ओळ विचारत जाता येतं. तुम्हाला पायथन येतं म्हणजे लूप, इफ, फंक्शन हे आधीच माहीत आहे, मग नवीन शिकायचं राहिलं फक्त वायरींचं, आणि एका वेळी एकच नवीन गोष्ट असली की माणूस टिकतो. भाषा पण नवीन, वायरिंग पण नवीन, आणि चाललं नाही तर दोष नेमका कुठला ते कळत नाही, इथेच लोक सोडतात हे मी खूप वेळा बघितलंय.

दुसरं म्हणजे पिको सॉफ्टवेअरने मारता येत नाही. त्यावर बूटसेल नावाचं एकच बटण आहे, ते दाबून धरून यूएसबी लावली की बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि त्यात मायक्रोपायथनची फाइल (तिच्या नावात शेवटी यूएफ२ असतं) ओढून टाकली की झालं. हे सगळं करणारा प्रोग्रॅम चिपच्या आतल्या रॉममध्ये कायमचा कोरलेला आहे, तुम्ही कितीही गोंधळ घातला तरी तो पुसला जात नाही. सातवीतल्या मुलीच्या हातात वस्तू द्यायची तर मला हे फार मोलाचं वाटतं, "हात लावू नको, बिघडेल" हे वाक्यच घरातून जातं. (सॉफ्टवेअरने म्हटलंय हां, चुकीचं व्होल्टेज दिलं तर कुठलाही बोर्ड जळतो, त्यावर पुढे लिहितोय.)

आकडे हवे असतील तर, साधा पिको जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलर किमतीला आला, आत आरपी२०४० चिप, दोन कोर, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ किलोबाइट रॅम, बाहेर २ मेगाबाइट फ्लॅश. वायफायवाला डब्ल्यू जून २०२२ मध्ये आला. ऊनोची रॅम आहे २ किलोबाइट, म्हणूनच मायक्रोपायथन ऊनोवर चालत नाही, त्यात मावतच नाही. आता पिको २ डब्ल्यू पण मिळतो, चिप नवी आरपी२३५०, रॅम ५२० किलोबाइट, तो मिळाला तर तोही चालेल, फक्त एक लक्षात ठेवा की त्याच्या सुरुवातीच्या चिपांमध्ये आतला पुल-डाउन (काही जोडलेलं नसताना पिन शून्य व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) वापरला तर पिन अधेमधे दोन-सव्वादोन व्होल्टला अडकून बसते अशी खोड आहे. बटण जोडताना नेहमी पुल-अप वापरा, तो पिन वर ३.३ व्होल्टकडे ओढतो, म्हणजे बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला, मग हा प्रश्न येतच नाही, आणि तशीही तीच सवय चांगली.

पिकोवर नवीन माणूस हमखास अडकतो अशा दोन जागा आधीच सांगून ठेवतो. एक, साध्या पिकोवरचा एलईडी २५ नंबर पिनवर असतो, पण डब्ल्यूवर तो वायफायच्या चिपला जोडलेला आहे, त्यामुळे जुन्या उदाहरणातला २५ आकडा घालून एलईडी लागतच नाही आणि लोकांना वाटतं बोर्ड खराब आला. डब्ल्यूवर आकड्याऐवजी अवतरणात एलईडी हे नाव कॅपिटल अक्षरांत लिहायचं. दोन, थॉनीतून सगळं छान चालतं, मग केबल काढून चार्जरला लावलं की काहीच होत नाही. कारण फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर सेव्ह झालेली असते. सेव्ह करताना थॉनी विचारतो की कॉम्प्युटरवर की पिकोवर, तिथे पिको निवडायचा आणि फाइलचं नाव मेन डॉट पीवाय असंच द्यायचं, वीज आली की बोर्ड हीच फाइल शोधून चालवतो. दुसऱ्या कुठल्या नावाने ठेवली तर नुसती पडून राहते.

ऊनोबद्दल. इटलीतल्या इव्रेया गावात एका डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत २००५ च्या सुमारास आर्डुइनो सुरू झालं, इंजिनियर नसलेल्या, कला-डिझाइन शिकणाऱ्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स वापरता यावं म्हणून. ऊनो २०१० चा. आमच्यासारख्या ८०५१ वर हात भाजलेल्या लोकांना पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, यूएसबी लावा, बटण दाबा, दिवा लुकलुकतो, वेगळा प्रोग्रॅमर नाही, डेटाशीटची दोनशे पानं नाहीत. आज जे इतके लोक या छंदात आहेत ते त्याच्यामुळे आणि मी हे मनापासून म्हणतोय. त्याची चिप एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ, ३२ किलोबाइट फ्लॅश, आणि तो पाच व्होल्टवर चालतो, हे पाच व्होल्ट फार सोयीचं आहे कारण बाजारातले स्वस्त सेन्सर, रिले (छोट्या सिग्नलवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) बरेचसे पाच व्होल्टचे. शिवाय मोठ्या चिपचा ऊनो घेतला, म्हणजे जिची लांबट काळी चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते तो, तर चिप जळाली तर तेवढीच बदलता येते, फक्त नवीन चिप बूटलोडर (यूएसबीतून आलेला प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) भरलेली मागून घ्यायची.

मग तुम्हाला का नको? दोनच कारणं. त्याला वायफाय नाही, आणि तुम्हाला मोबाईलवर बघायचंय, म्हणजे वेगळं वायफाय मॉड्यूल लावावं लागणार आणि ते ऊनोला जोडणं हे नवख्यासाठी बरंच डोकेदुखीचं काम आहे. आणि भाषा सी++, त्यात काही चुका अशा की त्या कळतच नाहीत. एक उदाहरण देतो, ऊनोवर साधा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटचा असतो, कमाल ३२७६७. चाळीस सेकंद थांबायचं म्हणून कुणी ४० गुणिले १००० केलं की उत्तर ४०००० येत नाही, उणे २५५३६ येतं, आणि एरर काहीच नाही, प्रोग्रॅम फक्त वेड्यासारखा वागतो. तोच कोड ईएसपी३२ वर बरोबर चालतो कारण तिथे इंट ३२ बिटचा. पायथनमध्ये हा प्रकारच नाही. इंजिनियरिंगच्या मुलाने ही चूक करून शिकलीच पाहिजे, पण तुमच्यासारख्या नोकरी सांभाळून रात्री नऊनंतर तासभर बसणाऱ्या माणसाचे दोन आठवडे त्यात जावेत असं मला वाटत नाही.

हां, मुलीच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे बहुतेक आर्डुइनोच हातात येईल, तर येऊ दे, तिचं दोन्हीकडे शिकणं होईल, आणि घरी बोर्ड न घेता आर्डुइनो बघायचं असेल तर टिंकरकॅडवर ब्राउजरमध्ये ऊनो फुकट जोडून चालवता येतो, तिथे एलईडी रेझिस्टरशिवाय लावला तर स्क्रीनवर सांगतो की करंट जास्त होतोय. एक धोका मात्र सांगतो, आता "ऊनो" नावाने तीन वेगळ्या वस्तू मिळतात. आर३ हा जुना, मी वर सांगितला तो. आर४ हा २०२३ चा, त्यात रेनेसासची चिप आहे, त्यातल्या एका प्रकारात वायफाय पण आहे. आणि ऊनो क्यू हा ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं तेव्हा आला, त्यावर लिनक्स चालतं, तो वेगळ्याच कामाचा. फोनवरून ऑर्डर देताना नुसतं ऊनो म्हणू नका.

ईएसपी३२. याच्याबद्दल थोडं लांबतं कारण सगळे तुम्हाला हाच सांगत असणार आणि ते खोटं बोलत नाहीयेत. एस्प्रेसिफ ही शांघायची कंपनी, २०१४ मध्ये त्यांची ईएसपी८२६६ आली आणि वायफाय एकदम स्वस्त झालं, मग २०१६ मध्ये ईएसपी३२, दोन कोर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही, आणि बोर्ड चार-पाचशे रुपयांत. ताकद आणि किंमत बघितली तर याच्यासमोर कुणी उभं राहत नाही. मायक्रोपायथन त्यावरही चालतं. पण त्याच्या चुका बोलत नाहीत, आणि माझा मुद्दा तोच आहे.

माझ्याकडे एक मुलगा येतो, मेकॅनिकलचा, कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजत होता. नुसता सेन्सर वाचला की आकडे बरोबर, वायफाय चालू केलं की आकडे गायब. तीन शनिवार गेले. सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, दुसरा बोर्ड आणला. कारण असं की ईएसपी३२ मध्ये अ‍ॅनालॉग, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज, मोजणारे दोन भाग आहेत आणि त्यातला दुसरा भाग वायफाय स्वतःसाठी वापरतं, त्याचा सेन्सर २५ नंबरवर होता, ती पिन त्या दुसऱ्या भागाची. ३२ ते ३९ मधल्या पिनवर लावला, झालं. हे कुठेही एरर म्हणून स्पष्ट दिसत नाही, माहीत असावं लागतं. तसंच ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत, त्यांच्यावर एलईडी लावून बसलात तर कधीच लागणार नाही. ६ ते ११ आतल्या फ्लॅशला जोडलेल्या, हात लावायचा नाही. १२ नंबरवर बोर्ड चालू होताना व्होल्टेज असलं तर चिपला वाटतं फ्लॅश १.८ व्होल्टची आहे आणि बोर्ड उठतच नाही, म्हणजे सेन्सर काढला की चालतो, लावला की मरतो. वायफाय सुरू होताना करंट एकदम वर जातो, केबल बारीक असली की व्होल्टेज पडतं आणि ब्राउनआउट म्हणत बोर्ड परत परत रीसेट होतो. कोड टाकताना नुसते ठिपके येत राहतात तेव्हा बूट बटण दाबून धरायचं असतं हेही कुणीतरी सांगावं लागतं.

यातलं एकही अवघड नाही. एकदा कळलं की आयुष्यभर लक्षात राहतं. पण पहिल्या महिन्यात, जेव्हा ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पाटी) वायर सैल आहे की कोड चुकलाय हेच ओळखता येत नाही, तेव्हा हे सगळं एकत्र अंगावर येतं. म्हणून दुसरा बोर्ड ईएसपी३२, सहा महिन्यांनी, आणि तेव्हा घ्याल तेव्हा जुना मूळचा डब्ल्यूरूमवाला डेव्हकिट (डब्ल्यूरूम हे त्यावरच्या मॉड्यूलचं नाव) घ्या. एस२, एस३, सी३, सी६ अशी भावंडं खूप आहेत, प्रत्येकाच्या पिना वेगळ्या, एस२ ला तर ब्लूटूथच नाही, आणि उदाहरण एकाचं, हातात दुसरा, असं झालं की परत तेच.

बाकीचे पटकन. मायक्रोबिट हा बीबीसीचा, ब्रिटनमध्ये २०१६ ला सातवीच्या वर्गातल्या मुलांना फुकट वाटला होता, जवळपास दहा लाख बोर्ड, वर २५ एलईडी, बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर सगळं त्यातच, वायर न जोडता सुरुवात होते, मुलगी आठ-नऊ वर्षांची असती तर मी तोच म्हटलं असतं, पण किंमत जास्त आणि वायफाय नाही. ब्लू पिल म्हणून एसटीएम३२ चा निळा स्वस्त बोर्ड मिळतो, तो आत्ता नको, त्यात नकली चिपा फार फिरतात आणि प्रोग्रॅम करायला एसटी-लिंक नावाचा वेगळा प्रोग्रॅमर लागतो, एसटीएम३२ शिकायचंच असेल तर त्याचाच न्यूक्लिओ नावाचा बोर्ड घ्यावा, त्यात तो आधीच बसवलेला असतो. रास्पबेरी पाय, म्हणजे पिको नव्हे तर मोठा, तो मायक्रोकंट्रोलर नाहीच, लिनक्स चालवणारा छोटा कॉम्प्युटर आहे, नावातल्या सारखेपणामुळे लोक चुकून चार-पाच हजार घालवतात, म्हणून बिलावर पिको लिहिलंय ना बघा. सी-डॅक या सरकारी संस्थेचा अ‍ॅरीज बोर्ड पण आहे, त्यात त्यांची स्वतःची वेगा मालिकेतली तेजस३२ चिप, रिस्क-फाइव्ह (RISC-V) या खुल्या पद्धतीची. देशी चिप म्हणून मला त्याचा खरंच आनंद आहे आणि एक माझ्या टेबलावर आहे, पण पहिला बोर्ड म्हणून सुचवत नाही, कारण रात्री दहाला अडलात तर तोच बोर्ड वापरणारं माणूस सापडायला हवं आणि ती गर्दी अजून तिथे नाही.

आता व्होल्टेज, कारण बोर्ड जळतात ते इथेच. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. बोर्डाला वीज म्हणून पाच व्होल्ट यूएसबीतून किंवा व्हीसिस पिनवर दिले तर चालतात, आतला रेग्युलेटर ते कमी करतो, पण कामाच्या पिनवर पाच व्होल्ट आले तर ती पिन किंवा अख्खी चिप जाऊ शकते. तुम्ही जो पाण्याचा सेन्सर घेणार आहात (आवाज सोडून तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर सांगणारा) त्याचा इको, म्हणजे प्रतिध्वनी कळवणारा, सिग्नल पाच व्होल्टचा असतो. तो थेट लावायचा नाही. मध्ये दोन रेझिस्टर, सेन्सरकडून १ किलोओहम, पुढे ग्राउंडकडे २ किलोओहम, आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरून पिकोला वायर. पाचाचे दोन-तृतीयांश म्हणजे ३.३३, बरोबर बसतं. २ किलोओहम मिळाला नाही तर १ चे दोन एकापुढे एक लावा. मल्टीमीटरने मधल्या बिंदूचं व्होल्टेज मोजून बघायचं असेल तर सेन्सर न लावता त्या जागी पाच व्होल्ट देऊन मोजा, ३.३ च्या आसपास आलं की मगच पिको जोडा. मुलीला हे मोजायला द्या, शाळेत ओहमचा नियम येईल तेव्हा तिने तो आधीच हाताने बघितलेला असेल.

एलईडीला २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर लावायचाच, आणि मोटर, पंप, रिलेची कॉइल यातलं काहीही थेट पिनला नाही. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी कुठल्याही बोर्डाला नको, तिच्यात दमच कमी असतो, काही तासांत उतरते आणि मग बोर्ड विचित्र वागायला लागतो.

टाकीचं. साधा एचसी-एसआर०४, दोन डोळ्यांचा, टाकीत लावू नका, आतल्या वाफेने थोड्या दिवसांत गंजतो. घरी टेबलावर शिकायला तो उत्तम. टाकीसाठी जेएसएन-एसआर०४टी, गाडीच्या रिव्हर्स सेन्सरसारखं एकच गोल तोंड आणि लांब केबल असते तो. पण त्याची एक मर्यादा आहे, जवळपास २० सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही, काहीतरी चुकीचा आकडा देतो. म्हणजे टाकी भरत आली की नेमकं जेव्हा अचूक हवं तेव्हाच तो फसतो. सेन्सर पाण्याच्या सगळ्यात वरच्या पातळीपासून, म्हणजे ओव्हरफ्लोच्या पाइपपासून, किमान २५ सेंटिमीटर वर बसेल असं बघा. झाकणाखाली तेवढी जागा नसेल तर वरच्या टोकाला वेगळा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर तरंगून चालू-बंद होणारा) लावा, तो साधा बटणासारखा जोडायचा, आणि टाकी भरली हे त्याच्यावरून ठरवा. पाणी पडणाऱ्या पाइपच्या धारेपासून आणि भिंतीपासून लांब, तोंड सरळ खाली.

मोजणं सोपं आहे, आवाज जाऊन परत यायला लागलेले मायक्रोसेकंद भागिले ५८ म्हणजे सेंटिमीटर. मायक्रोपायथनमध्ये पल्सची वेळ मोजणारं फंक्शन तयार आहे, त्याने उणे आकडा दिला तर प्रतिध्वनी आलाच नाही असं समजून तो आकडा टाकून द्या. पाच वेळा मोजून मधला आकडा घ्या, सरासरी नको, एक खुळा आकडा सरासरी बिघडवतो. आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे १५ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी टाकीत ४० अंश धरले तर साधारण चार टक्के फरक, एक मीटर खोलीला चार सेंटिमीटर. टाकीसाठी चालून जातं, पण आकडा का सरकतोय हे माहीत असलेलं बरं.

वायफाय २.४ गीगाहर्ट्झचंच लागतं, राउटरवर पाचवालं वेगळ्या नावाने असेल तर ते पिकोला दिसणारच नाही. गच्चीवर स्लॅबमधून सिग्नल कितपत येतो ते आधी मोबाईल घेऊन वर जाऊन बघा. डबा प्लॅस्टिकचा घ्या, पत्र्याच्या डब्यात अँटेना बंद होते. आणि पंप आपोआप चालू-बंद करायचा मोह होईल, तो पहिलं वर्ष आवरा. २३० व्होल्ट, ओली गच्ची, मोटरचा सुरुवातीचा झटका, हे ब्रेडबोर्डचं काम नाही, पुढे कधी करायचंच ठरलं तर वायरमनकडून कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा मोठा रिले) लावून घ्या. तोवर मोबाईलवर आकडा बघून हाताने स्विच दाबा.

खरेदी. पुण्याला येणं झालं तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड, तिथे वस्तू हातात घेऊन बघता येते, नाहीतर कुरियरने मागवा. पिको डब्ल्यू पिनांसकट सहाशे-सातशेच्या आसपास, ८३० भोकांचा ब्रेडबोर्ड शंभरेक, जंपर वायरी (ब्रेडबोर्डवर खोचायच्या) टोकांच्या तिन्ही प्रकारच्या, एलईडी आणि रेझिस्टर पन्नासेक रुपयांत भरपूर, साधा डिजिटल मल्टीमीटर तीनशेच्या आसपास (हा टाळू नका, बोर्डापेक्षा जास्त शिकवतो), टाकीचा सेन्सर दोन-तीनशे, दोन हजारांत बसतं. मोठमोठे सदतीस सेन्सरांचे डबे घेऊ नका, त्यातले तीस कधी वापरले जात नाहीत. ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांत मध्येच तुटलेल्या असतात, मीटरने तपासून घ्या. आणि यूएसबी केबल. पिकोला मायक्रो यूएसबी लागते आणि घरात पडलेल्या अर्ध्या केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या वायरीच नसतात, कॉम्प्युटरला काही दिसत नाही आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो. ज्या केबलने मोबाईलचे फोटो कॉम्प्युटरवर आलेत तीच घ्या.

सुरुवात अशी करा. पहिला आठवडा फक्त बोर्डावरचा एलईडी, मग बाहेरचा एलईडी, मग बटण. दुसऱ्या आठवड्यात आतला तापमान सेन्सर वाचून आकडे फाइलमध्ये लिहा, पायथन येतंच, एक्सेलमध्ये काढून बघा, तुम्हाला हे आवडेल. वायफाय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आधी नाही. मग सेन्सर, आणि तोही लगेच टाकीवर नाही, बाथरूममधल्या बादलीवर. स्टुलावर सेन्सर बांधा, बादलीच्या काठाच्या २५ सेंटिमीटर वर, मुलीला मोजपट्टी घेऊन बसवा, एकेक तांब्या पाणी ओतत जा आणि वहीत दोन रकाने करा, मोजपट्टी किती म्हणते आणि सेन्सर किती म्हणतो. वीसेक आकडे झाले की त्या पानाचा फोटो मला पाठवा, दोघांत फरक कुठे वाढतोय ते बघून पुढचं वायफायवर आकडा पाठवायचं सांगतो.